घर एक, सांगणारे तीन: कादंबरीत अनेक दृष्टिकोन वापरताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कोकणातलं वडिलोपार्जित घर विकायचं ठरलंय. ही गोष्ट तुम्ही घरातली आजी, तिचा मुंबईतला मुलगा आणि सून अशा तिघांच्या तोंडून, आळीपाळीने एकेक प्रकरण देत लिहिली आहे. दोनशे पानं झाली आहेत. ज्यांना वाचायला दिलंत ते म्हणतात, तिघंही सारखीच बोलतात आणि मधल्या भागात वाचन रेंगाळतं. आता तिघांना ठेवावं, एकालाच बोलू द्यावं, की सगळं तृतीयपुरुषी निवेदनात घ्यावं?

मी बरीच वर्षं कादंबऱ्यांची हस्तलिखितं संपादित करते आहे. अनेक निवेदक असलेल्या पहिल्या खर्ड्यावर ‘सगळे सारखेच बोलतात’ हा शेरा जवळजवळ ठरलेला असतो. तो ऐकला की लेखक भाषेच्या डागडुजीला लागतो. आजीच्या तोंडी म्हणी येतात, मुलाच्या तोंडी इंग्रजी शब्द येतात, सुनेला एखादं पालुपद मिळतं. माझं आग्रहाचं सांगणं आहे की तिथून सुरुवात करू नका. भाषेकडे नंतर येऊ. आधी हे पाहा की प्रत्येकाला काय ठाऊक आहे.

मराठीतली दोन अतिशय वाचली गेलेली उदाहरणं घेऊ. वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ (१९५९) ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा असे तिघं आपापल्या ‘मी’ने सांगतात. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मध्ये (१९६७) नऊ भाग आहेत आणि कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली, कृष्ण असे सहा जण बोलतात. दोन्ही कादंबऱ्या भाषेच्या अंगाने तपासल्या तर निवेदकांच्या बोलण्यात फार फरक नाही असं माझं मत आहे. देवयानी आणि शर्मिष्ठा दोघी खांडेकरी अलंकारांतच बोलतात. वृषालीची वाक्यं आणि कर्णाची वाक्यं एकाच साच्यातली आहेत. तरीही वाचक गोंधळत नाहीत, कंटाळत नाहीत. का? देवयानीला जे खुपतं ते शर्मिष्ठेला खुपत नाही, शर्मिष्ठेला जे लपवावं लागतं ते देवयानीच्या गावीही नसतं, आणि दोघींच्या मधल्या त्या राजाचं स्वतःविषयीचं मत तिसरंच आहे. तिथला फरक माहितीचा आणि दुखण्याचा आहे.

‘मृत्युंजय’मधली कुंती पाहा. कर्णाचा जन्म कसा झाला हे महाभारत माहीत असलेल्या प्रत्येक वाचकाला आधीच ठाऊक असतं, म्हणजे रहस्य म्हणून तिथे काहीच शिल्लक नाही. पण तो जन्म कुंतीच्या ‘मी’तून एकदा ऐकल्यावर कर्णाचं पुढचं प्रत्येक वाक्य आपण दोन मनांनी वाचतो: त्याला काय वाटतंय आणि त्याला काय कळलेलं नाही. दुसऱ्या निवेदकाचं खरं काम हे असतं. तो आला की पहिल्याचं बोलणं बदलायला हवं, एक शब्दही न बदलता. शेवटचा भाग कृष्णाकडे जातो यालाही साधं, बांधणीचं कारण आहे. कर्ण स्वतःच्या मृत्यूनंतरचं सांगू शकत नाही, आणि त्या क्षणी सगळी बाजू ठाऊक असलेला माणूस कृष्णच. कोणाला बोलू द्यायचं हा निर्णय असा गरजेतून यावा.

म्हणून पहिलं काम: एक मोठा कागद घ्या. डावीकडे कथानकातल्या घटना लिहा, वर माणसांची नावं. प्रत्येक चौकोनात तीन गोष्टी भरा: याला काय ठाऊक आहे, याचा काय गैरसमज आहे, आणि हा काय बोलत नाही. दोन माणसांचे रकाने बहुतेक सारखे भरले गेले, तर त्यांतला एक निवेदक जादा आहे. त्याचं पात्र राहू द्या, त्याचं ‘मी’ काढून घ्या. तुमच्या सारांशावरून मला शंका आहे की मुलगा आणि सून यांच्या बाबतीत हेच झालं असावं. दोघांनाही व्यवहाराची माहिती तेवढीच आहे, दोघांनाही घर विकलं जावं असं वाटतं, दोघंही आजीपासून एकच गोष्ट लपवतात. मग सुनेचं प्रकरण आलं की वाचकाला तीच बातमी दुसऱ्यांदा ऐकू येते. ‘सारखीच बोलतात’ या तक्रारीचं मूळ बहुधा इथे आहे.

हा तक्ता भरताना आणखी एक गोष्ट दिसेल. तुम्ही ओझरतं लिहिलंय की मुलाची मोठी बहीण लग्न होऊन गेली आहे आणि तिच्याकडून हक्कसोडपत्र करून घ्यायचं आहे. एवढ्या मोठ्या व्यवहारात जिच्या सहीवाचून पान हलत नाही, ती तुमच्या कादंबरीत दोनदा फोनवर येते आणि एकदा जेवायला. ज्या घरात बहिणीने ‘भावाला दुखवायचं नाही’ म्हणून सही केली, त्या घरातली सगळ्यात न बोललेली गोष्ट तिच्याकडे असते. समजा, वडील जाण्याआधी म्हणाले होते की विहिरीलगतचा तुकडा लेकीचा, आणि हे फक्त आजीने ऐकलं होतं. लगेच आजीचा रकाना बदलतो. ती आता ‘घर सुटत नाही म्हणून रडणारी म्हातारी’ राहत नाही. तिच्याजवळ एक वाक्य आहे, आणि ते सांगायचं की गिळायचं हे तिलाच ठरवायचं आहे.

बहिणीला निवेदक करा असं मी म्हणत नाही. उलट ती गप्प राहिली तर कदाचित अधिक जोर येईल. सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’मध्ये (२००६) भाऊ आणि बहीण, तनय आणि अनुजा, दोघंही घरात राहायला आलेल्या एकाच तरुणाच्या प्रेमात पडतात. आधी भावाचं सगळं निवेदन येतं, मग बहिणीचं. तो तरुण स्वतः कधीच सांगत नाही, त्याचं नावसुद्धा आपल्याला कळत नाही. कादंबरीभर ज्याच्याविषयी बोललं जातं त्यालाच ‘मी’ दिलेला नाही. अमेरिकन लेखक विल्यम फॉकनरने १९३० च्या ‘ॲज आय ले डाइंग’मध्ये पंधरा निवेदक आणि एकोणसाठ प्रकरणं वापरली. जिचं प्रेत घेऊन सगळं कुटुंब वाट तुडवतं आहे, त्या आईला मात्र त्यातलं एकच प्रकरण मिळतं, तेही ती गेल्यानंतर. ज्याच्याभोवती सगळं फिरतं त्याला किती बोलू द्यायचं, शून्य की एकदाच, हा निर्णय फार विचाराने घ्यावा. माझा सल्ला: बहिणीचं एक प्रकरण लिहून काढा, कादंबरीत घालण्यासाठी नाही, तुमच्या माहितीसाठी. मग ते ठेवायचं की नाही ते ठरवा. ते लिहिल्यावर बाकीच्या तिघांची प्रकरणं आपोआप बदलतील.

आता भाषेकडे. मराठीत दृष्टिकोन सगळ्यात आधी दिसतो तो नात्याच्या नावात आणि क्रियापदाच्या शेवटात, आणि या दोन गोष्टींकडे आपण लिहिताना फारच कमी लक्ष देतो. एकच प्रसंग तिघांकडून लिहून पाहते. बहीण घरी येते.

आजी: “सुमी आली ती तिन्हीसांजेला. दिवा लावीत होत्ये म्हणून उठले नाही. पिशवी तिने पडवीतच ठेवली. माहेरी आलेली मुलगी पिशवी माजघरात नेते.”

मुलगा: “ताई साडेसहाला पोचली. एसटी उशिरा होती. चहा झाला की कागद दाखवायचे असं ठरवलं होतं, पण आईने दिवा लावायला घेतला, मग जेवणं, मग ताई म्हणाली की दमलेय.”

सून: “वन्सं आल्या. ह्यांनी फाइल आधीच टेबलावर काढून ठेवली होती, ती मी उचलून कपाटात ठेवली. त्यांनी ते पाहिलं असावं.”

इथे कोणालाही म्हण, पालुपद किंवा खास बोली दिलेली नाही. ‘होत्ये’ हा एक शब्द सोडला तर तिघं साधी मराठी बोलतात. पण त्याच बाईला सुमी, ताई आणि वन्सं अशी तीन नावं आहेत. ती ‘आली’, ‘पोचली’ आणि ‘आल्या’. आजी पिशवी पाहते, मुलगा घड्याळ, सून फाइल. यातलं वाक्य कोणाचं हे प्रकरणावर नाव न लिहिताही कळतं. शिवाय सून ‘वन्सं’ आणि ‘ह्यांनी’ म्हणते यातून तिचं वय आणि तिचं या घरातलं स्थानही कळतं. तीच सून ‘ताई आल्या’ आणि ‘प्रकाशने फाइल काढून ठेवली’ म्हणाली असती तर ती दुसऱ्या पिढीतली बाई झाली असती. तुमची सून नक्की कोणती, ते पहिल्या प्रकरणात ठरवा आणि मग ढळू नका. हस्तलिखितांत मला हमखास सापडणारा दोष असा की सून पन्नास पानं ‘सासूबाई’ म्हणते आणि एका भावुक प्रसंगात एकदम ‘आजी’ म्हणते, कारण लेखिकेच्या मनात त्या पात्राचं नाव ‘आजी’ असतं. तिथे लेखिका पानावर दिसते.

घरालाही हेच लागू. आजी नुसतं ‘घर’ म्हणेल. मुलगा मुंबईच्या घराला ‘घर’ म्हणेल आणि याला ‘गावचं घर’. बहिणीसाठी ते ‘माहेर’ आहे. सून बोलताना ‘आपलं’ म्हणेल आणि एकटीने विचार करताना ‘ह्यांचं’. हे शब्द एकदा ठरवून एका कागदावर लिहून ठेवा: कोण कोणाला काय म्हणतं, तोंडावर काय आणि मनात काय. माझ्या मते अनेक निवेदकांच्या मराठी कादंबरीसाठी हा कागद पात्रांच्या लांबलचक चरित्रटिपणांपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

बोलीविषयी थोडंच सांगते. संवादात बोली मोकळेपणी येऊ द्या, सबंध निवेदन बोलीत करायचं तर ती तुमच्या कानात लहानपणापासून असायला हवी. ऐकीव मालवणी चार पानांत उघडी पडते. आणि प्रथमपुरुषी क्रियापदावरून निवेदक बाई की पुरुष हे मराठीत पहिल्याच वाक्यात कळतं, यावरही डोळे झाकून विसंबू नका. सून कोल्हापूरकडची असेल तर ती ‘मी येतो’, ‘मी आलो’ म्हणेल. तसं असेल तर ते जरूर वापरा, कारण कोकणातली सासू ते बोलणं ऐकून घेईल आणि मनात ठेवेल, आणि तेवढ्यावरून दोघींमधलं अंतर दिसेल.

तृतीयपुरुषी निवेदनात जावं का? जाता येईल, पण त्याने प्रश्न सुटणार नाही, फक्त कमी दिसेल. तृतीयपुरुषी लिहितानाही प्रत्येक प्रसंग कोणाच्या तरी जवळून दिसतो, आणि तिथे मराठीचा एक विशेष उपयोगी पडतो. आपल्याकडे पात्राच्या मनातलं बोलणं ‘आपण’ने येतं. सुनेचं नाव नीला धरू: ‘नीलाला वाटलं, आपण उगाच बोललो.’ हा ‘आपण’ ज्याचा, त्याच्या डोक्यात वाचक असतो. तेव्हा एक प्रसंग घ्या आणि मनातल्या विचारांतले सगळे ‘आपण’, ‘आपला’, ‘आपल्याला’ पेन्सिलीने अधोरेखित करा. ते एकाच माणसाचे निघाले तर प्रसंग शाबूत आहे. दोघांचे निघाले तर वाचकाला मध्येच एका डोक्यातून उचलून दुसऱ्यात ठेवलंत. उदाहरणार्थ: ‘नीलाने सासूबाईंकडे पाहिलं. आपण सुमीला फसवतोय असं त्यांना वाटत होतं.’ पहिलं वाक्य नीलाचं आहे, दुसरं सासूबाईंचं, आणि त्यातल्या ‘सुमी’ने ते आणखी पक्कं केलं, कारण नीला तिला सुमी म्हणत नाही. नीलाजवळच राहायचं तर तिला जेवढं दिसतं तेवढंच लिहा: ‘सासूबाईंनी वाटी दोनदा पुसली. वन्संकडे बघायचं त्या टाळत असाव्यात.’ ‘असाव्यात’, ‘वाटलं’, ‘म्हणे’ ही दुसऱ्याच्या मनाबाहेर उभं राहण्याची आपली साधनं आहेत. ती कमकुवतपणाची खूण समजून काढून टाकू नका.

सगळ्यांच्या मनात मोकळेपणी जाणारा सर्वज्ञ निवेदक मला वर्ज्य वाटत नाही. आपल्या कीर्तनात आणि लोककथेत तो कायमच होता. मात्र त्याचा स्वतःचा स्वर पहिल्या पानापासून ऐकू आला पाहिजे: तो गावाचं, घराचं, माणसांचं सांगणारा कोणी आहे, त्याला मतं आहेत. शंभर पानं एकाच माणसाच्या खांद्यावरून पाहून एकशे एकाव्या पानावर अचानक सगळ्यांच्या मनात जाता येत नाही.

आता मधल्या भागातलं रेंगाळणं. निवेदक बदलला की वाचक क्षणभर परका होतो. कोण बोलतंय, कधीचं बोलतंय, मागचं कुठे राहिलं, हे जुळवायला त्याला पान-दीड पान लागतं. आळीपाळीने आठ-आठ पानांची प्रकरणं केली की ही जुळवाजुळव सतत चालू राहते. शिवाय वाचकाला त्यांतला एक जण जास्त आवडतो, तुमच्या बाबतीत नक्कीच आजी, आणि तो बाकीच्यांची प्रकरणं आजीची वाट पाहत उरकतो. समान वाटप ही लेखकाची सोय आहे. ‘मृत्युंजय’मधल्या नऊ भागांपैकी चार एकट्या कर्णाचे आहेत, बाकी पाच जणांना एकेकच. ‘कोबाल्ट ब्लू’मध्ये आळीपाळी नाहीच. तुम्ही आजीला सलग चाळीस पानं द्या, मुलाला पंधरा, सुनेला एकदाच पंचवीस. गरज असेल तिथे निवेदक बदलू द्या, वेळापत्रकाप्रमाणे नको.

एकच प्रसंग पुन्हा सांगण्याविषयी खूप विचारलं जातं, त्यामुळे थोडं थांबते. जपानी लेखक अकुतागावाची १९२२ सालची ‘इन अ ग्रोव्ह’ ही कथा याचा सगळ्यांना आठवणारा नमुना आहे. कुरोसावाच्या ‘राशोमोन’ (१९५०) या चित्रपटाचं मुख्य कथानक तिच्यातलं आहे. एका सामुराईचा मृत्यू आणि त्यावर सात जबाब. ही कथा वाचून लोक ‘सत्य प्रत्येकाचं वेगळं’ एवढंच घेऊन जातात. मला त्यातली दुसरी गोष्ट शिकण्यासारखी वाटते. डाकू म्हणतो मी मारलं, बायको म्हणते मी मारलं, आणि मृत सामुराई, ज्याच्या अंगात मृतात्मा येतो अशा माध्यमाच्या तोंडून, म्हणतो मी स्वतःला मारलं. तिघांपैकी कोणीही दोष दुसऱ्यावर ढकलत नाही. प्रत्येकजण तो स्वतःकडे ओढतो, कारण त्यात प्रत्येकाला आपली एक प्रतिमा वाचवायची आहे. म्हणजे जबाबांतला फरक स्मरणशक्तीचा नाही, गरजेचा आहे. आणि हे सगळं काही पानांत संपतं. दोनशे पानांच्या कादंबरीत हाच प्रयोग तिसऱ्या खेपेला थकवतो.

म्हणून साधारण असं धरा: दुसऱ्या निवेदकाने पहिला थांबला तिथून पुढे जावं. मागे यायचंच तर त्या प्रसंगाचा अर्थ उलटा होत असेल तरच. तुमच्या खर्ड्यात दलाल घर बघायला येतो तो प्रसंग तिघांनीही सांगितलाय. मुलाचं आणि सुनेचं निवेदन काढून टाका. आजीचं ठेवा, कारण दलालाचं मोजमाप फक्त तिलाच घरातल्या बाळंतिणीच्या खोलीपर्यंत पोचलेलं दिसतं. बाकी दोघांना तो प्रसंग एका वाक्यात पुरे.

कधी कधी दुसरा निवेदक नकोच असतो, त्याचा आवाज पुरतो. विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’मध्ये (१९३९) सांगणारा चक्रधर आहे, पण त्याच्या प्रेमात पडलेली हॅर्टा तिच्या पत्रांतून स्वतः बोलते. तुमच्या बहिणीसाठी हा मार्ग मला फार योग्य वाटतो. तिचे मेसेज, तिने आईला पूर्वी लिहिलेली अंतर्देशीय पत्रं, फोनवरचं एकतर्फी बोलणं. आजीच्या ट्रंकेत ती पत्रं असतील, आणि आजी ती कोणत्या क्रमाने काढते यावर तुमचा ताबा राहील.

पुनर्लेखनाचा क्रम मी असा ठेवेन. आधी तक्ता आणि नावांचा कागद. मग पुस्तकाच्या क्रमाने न जाता एकेका निवेदकाचं सगळं लेखन सलग करा, म्हणजे आवाज हातात राहतो. आजीचं पूर्ण झाल्याशिवाय सुनेला हात लावू नका. यात तारखा हमखास चुकतात, म्हणून एक पंचांग समोर ठेवा: मोहर कधी, आंबा कधी उतरतो, पाऊस कधी लागला, गणपतीत कोण आलं होतं. जोडणी झाल्यावर प्रकरणांवरची नावं झाकून एखाद्या नव्या वाचकाला कुठलंही पान द्या. दहा ओळींत बोलणारा ओळखू आला नाही, तर त्या दहा ओळी दुरुस्त करा, सगळं पुस्तक नव्हे. छापताना मात्र प्रकरणांवर नावं जरूर घाला. ती न घालण्यात काही कौशल्य नाही.

शेवटी सहीचा प्रसंग. तो तुम्ही मुलाकडे दिलाय. मी तो सुनेकडे देईन. हक्कसोडपत्र नोंदवायला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जावं लागतं, फोटो निघतो, अंगठा घेतला जातो, साक्षीदार लागतात. मुलाचं सगळं लक्ष कागद बिनचूक होतो की नाही याकडे असणार, आजी घरी आहे. साक्षीदार म्हणून शेजारी उभी असलेली सून ही या खोलीतली एकमेव बाई, जिने स्वतःच्या माहेरी अशीच सही कधीतरी केली असू शकते. केली आहे का, ते तुम्ही ठरवा. केली असेल तर तिच्या पहिल्या प्रकरणात त्याची एक ओळ आत्ताच पेरून ठेवा.